हमीदभाईंना काळं दिसेना

हमीदभाईंची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी माझ्या शर्टाला नावं ठेवली म्हणून. नेरच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी नुकताच रुजू झालो होतो आणि खोली शोधत उन्हातान्हात फिरत होतो. कोणीतरी सांगितलं की जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, रस्त्यावर एक फोटो स्टुडिओ आहे, त्याच्या माडीवरची खोली रिकामी आहे. गेलो. काउंटरमागे उंच, सडसडीत, दाढीला मेंदी लावलेले एक गृहस्थ बसले होते. त्यांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, जात तर नाहीच विचारली. उठून आले, माझ्या बाहीचं टोक चिमटीत धरून मला दाराशी उजेडात नेलं आणि म्हणाले, "सर, हा एफएक्यू नाही. फेअर म्हना पाहिजे तं. कोण धुते?"

"मीच," मी म्हणालो.

"दिसून राह्यलं," ते म्हणाले, आणि खोलीची किल्ली काढून दिली.

एफएक्यू ही भानगड मला नंतर कळली. ती कापसाची प्रत. हमीदभाई मूळचे कापूस खरेदी केंद्रावरचे ग्रेडर. आवारात बैलबंड्यांची रांग लागायची, हे एकेका बंडीत कोपरापर्यंत हात घालून आतला कापूस उपसायचे, काळ्या पुठ्ठ्यावर पसरायचे, शेजारी नमुन्याचा कापूस ठेवायचे आणि मग प्रत सांगायचे. चांगला असला तर एफएक्यू, त्याहून उतरता असला तर फेअर, आणि डागी, पिवळा पडलेला असला तर कवडी. एवढं बोलून पुढच्या बंडीकडे. पुढे कापसाचे दिवस फिरले. खरेदी केंद्रं एकामागून एक ओस पडली, व्यापारी गावोगाव जाऊन डोळे मिटून ढिगाचे ढीग उचलू लागले, आणि ज्यांच्या डोळ्यांवर इतकी वर्षं खरेदी चालली त्यांना घरी बसवण्यात आलं. हमीदभाईंनी कॅमेरा घेतला. "पांढऱ्याची नोकरी गेली, म्हनून रंगीत धंदा काढला," असं ते सांगत, आणि ते त्यांना स्वतःलाच फार आवडत असल्यामुळे वारंवार सांगत.

पण ग्रेडर काही त्यांच्यातून गेला नाही. समोर येईल त्याला ते प्रत लावून मोकळे होत. चहाला लावत, बसच्या सीटला लावत, आमच्या प्राचार्यांच्या सफारीला तर कायमची कवडी देऊन ठेवली होती. ईदच्या आदल्या संध्याकाळी सगळा मोहल्ला गच्चीवर चढून चंद्र दिसल्याच्या आनंदात एकमेकांना मिठ्या मारत असताना हे डोळ्यांवर हात धरून बराच वेळ वर बघत राहिले आणि म्हणाले, "फेअर हाये. मागच्या साली बरा होता." मी मात्र कॉलर घासघासून दिवाळीपर्यंत एफएक्यूला पोचलो. नोकरीत कायम झालो तेव्हाही मला तेवढा आनंद झाला नाही.

दुसरी सवय डोळे धुण्याची. मागच्या अंगणात हातपंप होता. कोणी गिऱ्हाइक म्हणालं की फोटो बिघडला, चेहरा पिवळा आला, की हमीदभाई वाद घालायच्या आधी पंपावर जाऊन डोळ्यांवर पाण्याचे सपकारे मारून येत. मग फोटो बघत. मग वाद घालत, आणि तो मात्र मनसोक्त घालत. ग्रेडरच्या नोकरीत उस्तादानं पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट म्हणून ते सांगत, "पहिले आपला डोळा धुवा, मंग मालाले नाव ठेवा." एवढा न्यायी माणूस मी दुसरा पाहिला नाही. पुढे त्यांचं जे झालं ते या न्यायीपणापायीच.

आता काळ्याबद्दल सांगतो. कापसाचा पांढरा ओळखायला काळा पुठ्ठा लागतो, तसं फोटोतही कुठंतरी एक पक्कं काळं पाहिजे, अशी हमीदभाईंची श्रद्धा होती. "काळं नसलं तं बाकीचे रंग कोनाच्या भरवशावर उभे राहतीन?" असं ते विचारायचे. मुसलमानांच्या लग्नात ही अडचण नव्हती, बायकांच्या बाजूला काळ्या बुरख्यांची ओळच असायची. हिंदूंच्या मांडवात मात्र काळं कोण येऊ देतो? मग हमीदभाई आपली काळी छत्री घेऊन जात आणि ग्रुप फोटो घेताना गुपचूप एका कडेला उभी करून ठेवत. अल्बमात कापून टाकू, असा हिशेब. पण नातेवाइकांना कडेची माणसं कापलेली चालत नाहीत, त्यामुळे छत्रीही राहायची. नेर तालुक्यातल्या कितीतरी घरांत त्या काळच्या लग्नाच्या फोटोंत एक बेवारस छत्री उभी आहे. दोन विहिणींना तिच्यावरून हुज्जत घालताना मी स्वतः ऐकलंय. एक म्हणे ती तुमच्या मामांची, दुसरी म्हणे आमच्या मामांनी जन्मात छत्री घेतली नाही.

एकदा एका आजीनं त्यांना रंगेहाथ पकडलं. "भाई, शुभकार्यात हे काळं कायले आनलं?"

हमीदभाई हात जोडून म्हणाले, "आजी, तुमच्या गळ्यातले मणी कोन्त्या रंगाचे हायेत?"

आजीचा हात गळ्याकडे गेला. मग ती गेली आणि त्या छत्रीच्याच शेजारी जाऊन बसली. "मंग काढ," म्हणाली.

हे सगळं ज्यांच्या सहनशक्तीवर चालत होतं त्या शकीलाभाभी. ठेंगण्या, गोऱ्या, बोलायला फटकळ. माझ्याशी वऱ्हाडी बोलत, नवऱ्याशी हिंदी. हमीदभाईंनी साऱ्या दुनियेला प्रत लावली, पण भाभींच्या स्वयंपाकाला, कपड्यांना किंवा खुद्द भाभींना कधी काही लावल्याचं मी ऐकलं नाही. मी एकदा गमतीनं विचारलं तर भाभीच म्हणाल्या, "सर, पाह्यलं तं ग्रेड लावतीन न. मान वर करून पाहाचं काम हाये ते."

आणि ते खरंच होतं. दुकान उघडं असलं की हमीदभाई कॉम्प्युटरसमोर. जेवणाचं ताट काउंटरवर. लग्नसराई आटोपली तरी अल्बमांची कामं उरायची. कापसाला भाव बरा असला की लोक जाडजूड अल्बम करत, भाव पडला की माळ, मंगळसूत्र आणि सगळ्यांचा मिळून एक, एवढ्या फोटोंवर लग्न उरकत. त्या वर्षांत अल्बम बारीकच होत गेले. हमीदभाई मात्र बारीक अल्बमावरही तेवढेच दिवस घालवत.

अशातच त्यांनी नवा मॉनिटर घेतला. यवतमाळहून आणला, एसटीत मांडीवर ठेवून, भाभींच्या ओढणीत गुंडाळून. आधीचा पेटीएवढा जाडजूड मॉनिटर भंगारवाल्यानं नेला. नव्याबरोबर नवी चपटी केबल मिळाली होती, ती कामाच्या लॅपटॉपला लावली. लॅपटॉपचं झाकण कायम बंद. जिनिंग सुरू झालं की त्या रस्त्यावर हवेत रुईचे तंतू तरंगायचे, ते कळफलकात जाऊन बसायचे. म्हणून भाभींनी लॅपटॉपला जाड कापडाची खोळ शिवली होती. ती अंगावर घेऊन लॅपटॉप आजारी माणसासारखा पडून असायचा आणि सगळं काम मोठ्या पडद्यावर चालायचं. काउंटरच्या आत कोणाला प्रवेश नव्हता. मला होता, पण तोही चप्पल बाहेर काढून.

नवा मॉनिटर लागला त्या दिवशी आम्हा सगळ्यांना तो फार आवडला. काय उजेड, काय मोठेपणा. हमीदभाईही खूश होते. आठवडाभरानं त्यांनी मला खाली हाक मारली. पडद्यावर एका नवरीचा गळा होता, भला मोठा करून ठेवलेला.

"सर, हे मणी पहा. कोन्ता रंग हाये?"

"काळा," मी म्हणालो.

"काळा?"

"काळाच की."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझा शर्ट पुन्हा फेअरवर आला असावा. "मले राखुंडे दिसून राह्यले," ते म्हणाले. "जसं कोनी चुलीतून काढले."

मी डोळे फाडून पाहिलं. मला काही फरक कळेना. एकटा काळा रंग पाहून तो किती काळा आहे हे सांगायला माझा काही उस्ताद नव्हता. हमीदभाईंनी मॉनिटरखालची बटणं दाबून पाहिली. उजेड कमी केला तर नवरीचा चेहरा मलूल व्हायचा, वाढवला तर मणी आणखी धुरकटायचे. काळ्यावर कोणी पातळ ताक ओतल्यासारखं दिसायचं, म्हणाले. दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, भाई, नवा माल आहे, गॅरंटीचा आहे, त्यात काही नसते.

हमीदभाईंनी फोन ठेवला, पंपावर गेले आणि डोळे धुऊन आले. मणी तसेच. पुन्हा गेले. त्या दिवशी ते पंपावर इतक्यांदा गेले की भाभींना वाटलं डोळ्यात कुसळ गेलं. शेवटी त्यांनी न्याय केला. माल नवा आहे, गॅरंटीचा आहे. म्हणजे खोट डोळ्यात आहे.

पण हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. एवढंच केलं की काळं दिसत नाही तर ते वाढवायचं. प्रत्येक फोटोत काळा रंग ओढून ओढून खाली नेला, पडद्यावर मणी काळे दिसेपर्यंत. असे तयार केलेले फोटो छपाईला अमरावतीला गेले आणि अल्बम होऊन आले. त्यातला एक बोरी अरबच्या एका लग्नाचा होता. चार दिवसांत नवरीचे मामा अल्बम काखेत मारून स्टुडिओत हजर.

"भाई, हे पहा. नवरदेवाचे केस कुठं संपते अन् मंडप कुठं सुरू होते, समजत नाही."

हमीदभाईंनी पान उलटलं.

"अन् हे आमच्या जिजी, नवरीची माय. गोऱ्यापान हायेत त्या. तुम्ही तं त्याईले कोळशाच्या गाडीतून उतरवलं. सासरचे लोक विचारून राह्यले का लग्न दिवसा होतं का रातच्यानं."

मी माडीवरच्या जिन्यात उभा राहून ऐकत होतो. आता हमीदभाई पंपावर जातील, डोळे धुतील आणि परत येऊन मामांची अशी हजेरी घेतील की मामा बोरी अरबला पायी जातील, या अपेक्षेनं मी मजा बघायला थांबलो होतो. ते पंपावर गेले नाहीत. त्यांनी अल्बम मिटला, दोन्ही हातांनी मामांच्या हातात दिला आणि म्हणाले, "चूक माझीच हाये भाऊ. नवा करून देतो." मामाही गडबडले. भांडायच्या तयारीनं आलेल्या माणसाला समोरून भांडण नाही मिळालं की त्याचे हाल होतात. ते चहा न घेताच गेले.

मला काळजी वाटायला लागली ती तिथून.

पुढच्या रविवारी हमीदभाई म्हणाले, "सर, यवतमाळले चलता का? थोडं सामान आनाचं हाये." गेलो. सामान काही घेतलं नाही. ते मला सरळ डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं, डोळ्यात औषध घालून तपासलं, आणि म्हणाले, "चाचा, डोळे चांगले आहेत. वयाच्या मानानं फारच चांगले. वाचायच्या चष्म्याचा नंबर तेवढा बदला." मी खूश झालो. हमीदभाईंनी डॉक्टरांचा हात दोन्ही हातांत घेतला, दुवा दिली आणि बाहेर आले.

परतीच्या एसटीत म्हणाले, "डाक्टर भला मानूस हाये. दिल ठेवलं माझं."

"म्हणजे?"

"खोटं बोलला बिचारा."

मग खिडकीबाहेर बघत त्यांनी वडिलांचं सांगितलं. वडील दारव्ह्याला शिंपी होते. सुईत दोरा ओवायला त्यांना कधी दुसऱ्यांदा प्रयत्न करावा लागला नाही, असा लौकिक. एका वर्षी काळी अचकन शिवताना त्यांनी हमीदभाईंच्या अम्मीला विचारलं, हा दोरा भुरा काहून दिला? दोरा काळाच होता. पुढे त्यांना दिवाही धुरकट दिसायला लागला, मग माणसं, आणि मग काहीच नाही. डोळे गेल्यावर ते मशीनजवळ बसून नुसतं पायडल मारत राहायचे.

"तवा अब्बा माझ्याच उमरीचे होते," हमीदभाई म्हणाले. "सर, शकीलाले सांगू नका."

डॉक्टरांनी सांगितलंय ना, असं चारदा म्हणालो. ते चारही वेळा हो म्हणाले. न्यायी माणसाला समजावणं कठीण, कारण तो तुमचं म्हणणं ऐकून घेतो आणि मग स्वतःविरुद्धच निकाल देतो.

त्यानंतरचे महिने हमीदभाई आंधळं व्हायची तयारी करत होते, आणि तीही त्यांनी मोठ्या टापटिपीनं केली. सकाळी मी गॅलरीत दात घासायला उभा राहिलो की हे खाली डोळे मिटून दारापासून पंपापर्यंत चालताना दिसायचे. हात पुढे न करता, ताठ. पहिल्या दिवशी कोंबड्यांच्या खुराड्यावर आदळले आणि कोंबड्यांनी सगळा मोहल्ला जागा केला. भाभी बाहेर आल्या तर म्हणाले, योगा करतोय. भाभींनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंडात फेस असल्यामुळे वाचलो. चहात साखर किती हे बोटानं ओळखायचं, किल्ल्या स्पर्शानं लावायच्या, असे त्यांचे प्रयोग चालत. एकदा माझ्या खोलीचं कुलूप डोळे मिटून उघडून दाखवलं आणि लहान मुलासारखे हसले. मला हसू आलं नाही.

दुसरं म्हणजे ते बघायला लागले. अगदी साध्या गोष्टींकडे बघत बसत. पंपातून पडणारं पाणी, दोरीवरचे कपडे. आणि भाभी. दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून ते मागे येत आणि भाभी पोळ्या लाटत असल्या, तुरी निवडत असल्या, नुसत्या शेजारणीशी भांडत असल्या, तरी स्टूल टाकून समोर बसून बघत राहत. भाभी वैतागत. "क्या देख रहे जी? मुँह को कुछ लगा क्या?" हमीदभाई म्हणत, कुछ नहीं.

फाल्गुनात एका सकाळी त्यांनी स्कूटर काढली आणि भाभींना म्हणाले, चल, पळस बघून येऊ. भाभींना वाटलं पळस नावाच्या गावी कोणी वारलं. झाडांना फुलं आलीत ती बघायला जायचंय, हे कळल्यावर म्हणाल्या, "झाडं देखने कू कौन पेट्रोल जलाता?" पण गेल्या. दारव्ह्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी पळस पेटला होता. परत आल्या त्या कानामागे एक फूल खोवून. ते फूल काढायचं विसरल्या असाव्यात, कारण मी पाहिल्यावर एकदम पदर घेतला. मग मला ते सगळं सांगितलं. संध्याकाळी पुन्हा सांगितलं. दुसऱ्या दिवशी डाळीची वाटी द्यायला वर आल्या तेव्हा पुन्हा सुरुवात केली. "मले वाटलं का म्हातारपणात ह्या मानसाले अक्कल आली, सर," म्हणाल्या. मला खरं माहीत होतं, आणि मी डाळीचीच तारीफ करत राहिलो.

त्याच महिन्यात हमीदभाईंनी स्टुडिओ विकायचं ठरवलं. गिऱ्हाइकांचे चेहरे काळे करून खायचं नाही, म्हणाले. दारव्ह्याचा राऊत नावाचा एक स्टुडिओवाला घ्यायला तयार होता, कॅमेरे, दिवे, कॉम्प्युटर सगळ्यासकट. भाभींना सांगितलं की कंटाळा आला. सौद्याच्या दिवशी मला साक्षीदार म्हणून खाली बसवलं.

राऊत गोलमटोल, हसरा, सारखा रुमालानं मान पुसणारा माणूस. कॅमेरे पाहिले, दिवे लावून पाहिले. मग म्हणाला, "भाई, लॅपटॉप अलग पाहू द्या. त्याचा पडदा गेलाबिला असन तं मले दारव्ह्याले समजन."

हमीदभाईंनी खोळ काढली, झाकण उघडलं. पडद्यावर त्यांचं शेवटचं काम होतं, बोरी अरबची तीच नवरी, मूळ फोटो, डोळ्यांवर भरवसा नसल्यामुळे रखडलेला आणि आता पहिल्यापासून नीट करायला घेतलेला. तो मोठ्या मॉनिटरवर होताच, आता लॅपटॉपवरही उमटला. दोन्ही शेजारी शेजारी.

राऊत वाकून बघत म्हणाला, "लॅपटॉप तं चकाचक हाये. हा मॉनिटर काहून असा धुतल्यावानी दिसून राह्यला?"

हमीदभाई खोळीची घडी घालत होते. ते थांबले. "काय म्हनले?"

"धुतल्यावानी म्हनलं. इकडे पहा न, मणी काळेभोर. तिकडे राखुंडे."

"तुमाले बी दिसते?"

"दिसते म्हंजे? कोनाले बी दिसन, भाई."

हमीदभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही पडद्यांकडे पाहिलं. इतके महिने ज्या मण्यांना मी काळे म्हणत आलो होतो ते चांगले राखाडी होते. शेजारी काळे होते म्हणून कळलं. "राखाडी आहेत," मी म्हणालो. हमीदभाई खुर्चीत बसले.

राऊतला यातलं काही माहीत नव्हतं. तो आपला आनंदानं सांगत सुटला की ह्या नव्या केबलीचं असंच असते, माझ्या घरी बी झालतं. लॅपटॉपले वाटते का समोर टीव्ही हाये. टीव्हीले चित्र पाठवाची रीतच वेगळी, त्यात काळं पार तळाशी जात नाही, थोडं वरच थांबते. टीव्हीले हे ठाऊक असते, तो आपला काळं खाली नेऊन घेते. मॉनिटर बिचारा जसं आलं तसं दाखवते. असं म्हणत त्यानं माउस ओढला, दोन-तीन खिडक्या उघडल्या, आणि एका ठिकाणी 'लिमिटेड' आणि 'फुल' असे दोन शब्द होते. लिमिटेडवर खूण होती. त्यानं फुलवर केली.

पडदा क्षणभर विझला. परत आला तेव्हा नवरीच्या गळ्यातलं काळं तळाशी जाऊन बसलं होतं. दोन्हीकडे सारखं.

हमीदभाई उठले आणि मागे पंपावर गेले. पंपाचा आवाज बराच वेळ येत राहिला. परत आले तेव्हा दाढी गळत होती, कुडता भिजला होता. म्हणाले, "आयुष्यभर बाजूले नमुना ठेवल्याशिवाय कोनाच्या कापसाले ग्रेड नाही देली. अन् सोताच्या डोळ्याले बिना नमुन्याची कवडी देऊन बसलो." मग ते हसायला लागले. इतके हसले की राऊतही हसायला लागला, कशाला ते कळलं नव्हतं तरी.

हसणं ओसरल्यावर राऊत मान पुसत म्हणाला, "मंग भाई, सौद्याचं?"

"कोन्ता सौदा?" हमीदभाई म्हणाले.

राऊतनं एकदा मॉनिटरकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या बोटाकडे. "मले अक्कल असती तं पहिले सौदा केला असता, मंग बटन दाबलं असतं," म्हणाला. पण मनाचा मोठा होता. चहा घेतो म्हणून बसला.

भाभी चहा घेऊन आल्या आणि हमीदभाईंना राहवेना. त्यांनी सगळं सांगून टाकलं. राखुंडे मणी, डॉक्टर, अब्बांचा भुरा दोरा, कोंबड्यांवर आदळणं, सगळं, स्वतःचीच टर उडवत, हात नाचवत. राऊतच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं. भाभी ट्रे धरून उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "तो वो पळस?"

हमीदभाईंचे हात हवेतच राहिले. भाभी रिकामा ट्रे घेऊन आत गेल्या. राऊतला वाटलं चहात काही कमी-जास्त झालं, तो म्हणाला, "चहा चांगला हाये, भाभी."

बोरी अरबचा अल्बम नवा झाला. हमीदभाई तो स्वतः देऊन आले, आणि येताना मामांशी कशावरून तरी जोरदार भांडूनही आले, म्हणजे तब्येत पूर्वपदावर आली होती. खोट्या काळोखात गेलेले सगळे फोटो त्यांनी एकेक करून पुन्हा छापून दिले. दुपारचं शटर पुन्हा दिवसभर उघडं राहायला लागलं. ताट पुन्हा काउंटरवर गेलं.

मे महिन्यात माझी बदली झाली. सामान बांधत होतो तेव्हा भाभी वर आल्या, वाटेत खायला म्हणून डब्यात काहीतरी घेऊन. दारात उभ्या राहिल्या. इकडचं तिकडचं बोलल्या. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "सर, एक विचारू? ते मॉनिटरचं... ते पह्यल्यावानी करता येते का?"

"पहिल्यासारखं म्हणजे?"

"जसं बिघडलं होतं तसं."

मी हसलो. भाभी हसल्या नाहीत. "डोळे चांगले राहो बाप्पा त्याईचे, अल्लाचं करम हाये," त्या म्हणाल्या. "पण सर, चार महिने कोनी तरी पाहून राह्यलं होतं मले. आता ताट ठेवाले जातो तं म्हनते, ठेव तिकडे."

मी डबा घेतला. त्या गेल्यावर जिन्याकडे पाहिलं तर खालच्या पायरीवर हमीदभाई उभे होते, माझ्यासाठी दोरी घेऊन आलेले. त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी दोरी माझ्या हातात दिली आणि दुकानात निघून गेले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी माझी गाडी होती. ऑटो दारात उभा करून मी निरोप घ्यायला स्टुडिओत शिरलो. मॉनिटरवर कोणाच्या तरी साखरपुड्याचा फोटो अर्धा राहिला होता. खुर्ची रिकामी. बाकावर दोन गिऱ्हाइकं वाट बघत बसली होती. मी मागच्या अंगणात गेलो. भाभी सावलीत सुपात तुरी पाखडत होत्या, आणि समोर उलट्या ठेवलेल्या बादलीवर हमीदभाई, हात गुडघ्यांवर ठेवून, बसले होते.

"पहा न सर, सकाळपासून चार डाव येऊन बसले," भाभी म्हणाल्या, सूप न थांबवता. "म्हनलं, मानसं बसून हायेत दुकानात."

"बैठने दे," हमीदभाई म्हणाले.

"अब तो आँखें अच्छी हैं ना जी?"

"अच्छी हैं इसीलिए तो देख रहा."

भाभींनी मान खाली घातली आणि सूप जरा जोरात झटकलं. मी म्हणालो, "हमीदभाई, निघतो मी." त्यांनी हात वर केला. माझ्याकडे मान मात्र वळवली नाही.